आपण सुज्ञ आहात

आमच्या अष्टमीची ओळख करून द्यायची म्हणजे आधी रोह्याचं नाव घ्यावं लागतं. कुंडलिकेच्या या काठाला अष्टमी, त्या काठाला रोहा, मध्ये पूल. नगरपरिषदेचं नाव रोहा-अष्टमी. पण तालुका रोहा, स्टेशन रोहा, एस.टी.वरची पाटी रोहा. त्या जोडनावात आम्ही शेपटासारखे मागे लोंबकळतो आहोत. एखाद्या रोहेकराला विचारा, "अष्टमी कशी आहे हो?" तो म्हणेल, "आहे ना. पुलापलीकडे आहे." निंदा नाही, स्तुती नाही, ती आहे, एवढं त्याला मान्य आहे. तेव्हा कोमट पाठिंबा म्हणजे काय, हे अष्टमीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ज्या गावाचं नावच अर्ध्या चंद्राच्या तिथीचं, त्याला अर्धवट उजेडाची सवय असायचीच.

तरीसुद्धा एका निवडणुकीत आमच्या गावात मी जी सभा ऐकली, तिने माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. कोणती निवडणूक ते सांगत नाही. कुणाची अब्रू झाकायची म्हणून नव्हे. कोणतीही धरलीत तरी फरक पडत नाही म्हणून.

सभेला पुढारी दोन. एक उमेदवार आणि दुसरे त्याच पक्षातले त्याचे प्रतिस्पर्धी. तिकीट दोघांनी मागितलं होतं, मिळालं एकाला. ज्यांना मिळालं नाही त्यांचा फोन पहिले चार दिवस बंद होता. पुढचे तीन दिवस त्यांना रक्तदाब होता. मग मुंबईहून कुणीतरी आलं, बंद खोलीत दोन तास बसलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की दोघांचं 'मनोमिलन' झालं. हा शब्द कुणी काढला कोण जाणे, पण त्याने कधी लग्न लावलेलं नसावं. लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हा मिलन होतं; राजकारणातलं मिलन अंतरपाट तसाच धरून उरकतात.

तर ते रक्तदाबवाले साहेब बोलायला उठले. मला घड्याळ बघत भाषण ऐकायची वाईट खोड आहे. साहेब एकंदर बावीस मिनिटं बोलले. सहा मिनिटं छत्रपतींवर. चार मिनिटं उन्हाळा आणि पाणीटंचाई यांवर, त्यात उन्हाळ्याला त्यांनी बराच दोष दिला. आठ मिनिटं स्वतः केलेल्या कामांवर. तीन मिनिटं आपल्या घराण्याच्या पक्षनिष्ठेवर. राहिलं एक मिनिट. त्या मिनिटात साहेब म्हणाले, "वरिष्ठांनी निर्णय घेतला आहे. वरिष्ठांचा निर्णय आपल्याला नेहमीच शिरसावंद्य असतो. पक्षाने उमेदवार दिलेला आहे. उमेदवार आपल्यासमोर बसलेला आहे. यापेक्षा जास्त मी काय सांगावं? आपण सगळे सुज्ञ आहात. जय हिंद, जय महाराष्ट्र!"

उमेदवाराचं नावसुद्धा नाही! तो समोर बसलेला आहे, एवढीच साक्ष. पंचनाम्यात मृतदेहाबद्दल याहून जास्त आपुलकीने लिहितात. उमेदवाराने मात्र हात जोडून, मान झुकवून, डोळ्यांत पाणी आणल्यासारखं करून ते स्वीकारलं. मग दोघांनी एकमेकांचे हात धरून उंच केले. ते उंचावलेले हात जरा निरखून बघत चला. ज्याचा उत्साह खरा असतो त्याचा कोपर सरळ असतो. साहेबांचा कोपर वाकलेला होता, आणि नजर फोटोवाल्याकडे: काढलास का? काढलास? मग सोडतो.

पुढच्या रांगेतले कार्यकर्ते 'सुज्ञ आहात' या शब्दांवर गालात हसले. त्यांना निरोप पोचला होता. पत्रकारांनी 'एकदिलाने प्रचार' अशी बातमी लिहून घेतली. त्यांनाही पोचला होता, पण ती वेगळी बातमी. उमेदवार सगळ्यांत सुज्ञ. त्याने त्याच रात्री दुसरी माणसं कामाला लावली असतील. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. नळाला पाणी कधी येणार ते ऐकायला म्हणून ती दोन तास उकाड्यात बसली होती. ती मला म्हणाली, "मंग मत द्याचं कोनाला?"

मला काही सांगता येईना. त्या सबंध सभेत सुज्ञ नसलेली ती एकटीच, आणि मत तिचं!

या कोमट पाठिंब्याची आता एक स्वतंत्र भाषाच झाली आहे. 'आमच्यात मतभेद होते, मनभेद नव्हते' म्हणजे मनभेदच होते. 'युतीचा धर्म पाळू' म्हणजे श्रद्धा नाही, पण उपास करतो. संध्याकाळी काय खातो ते बघू नका. 'आघाडीचा धर्म' त्याचाच जुळा भाऊ. 'कार्यकर्त्यांच्या भावना तीव्र आहेत, पण मी त्यांची समजूत काढतो आहे' म्हणजे भावना माझ्या आहेत आणि समजूत कुणाचीच काढत नाही. 'मी माझ्या भागात काम करतो आहे' म्हणजे माझ्या घरात बसलो आहे. या सगळ्यांचा राजा 'आपण सुज्ञ आहात'. आधीची सगळी वाक्यं निदान अर्धी खोटी असतात. हे खोटंही नाही. ते काहीच नाही. ते बोलणाऱ्याने पाठिंबा दिला असंही सिद्ध होतं आणि दिला नाही असंही.

आपल्या मध्यमवर्गाने यावर नाकं मुरडू नयेत, कारण ही विद्या पुढाऱ्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. लग्नाच्या चौकशा आठवा. "मुलगा कसा आहे हो? तुमच्या शेजारी राहतो म्हणे." "आहे ना. सरळ आहे. आपल्या वाटेने जातो, आपल्या वाटेने येतो." विचारणाऱ्याने रस्त्याचं वर्णन विचारलेलं नसतं. पण सांगणाऱ्याला शेजारही टिकवायचा असतो आणि पुढे काही निघालं तर 'मी कुठे चांगला म्हटलं होतं?' असंही म्हणायचं असतं.

इतरांचं कशाला, माझंच सांगतो. आमच्या गावच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीला माझा चुलतभाऊ उभा राहिला होता. माझं आणि त्याचं लहानपणापासून काही ना काही चालूच असतं. मूळ भांडण एका फणसाचं, नंतर ते फांद्यांसारखं वाढलं. तरी घरातला माणूस म्हणून सभेत दोन शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि म्हणालो, "हा माझा चुलतभाऊ आहे, हे खरं आहे." लोक हसले. मला वाटलं, मी फार मार्मिक बोललो. तो तीन मतांनी पडला.

त्यानंतर गणपतीत तो आरतीला यायचा, पण टाळ नेमके माझ्या कानाशी वाजवायचा.

तर हा रोग जुना आहे. देशपातळीवरचा त्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला १९६९ साली, आणि गंमत अशी की त्यात एक पात्र आमच्या रोह्याचं होतं. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडकडच्या नाते गावचा, पण बालपण बरंचसं रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, १९५२ साली आमच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. १९५६ साली मुंबईचा प्रश्न पेटला, आपल्याच सरकारचं धोरण त्यांना पटेना, तेव्हा त्यांनी 'देश सुज्ञ आहे' असं म्हटलं नाही. राजीनामा दिला. न पटणाऱ्याने काय करावं, याचा धडा आमच्या पुलापलीकडेच गिरवून ठेवलेला आहे. नव्या पिढीला वाचायला सवड नाही, एवढंच.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. ते इंदिरा गांधींना नको होतं. पण पक्षाचा निर्णय शिरसावंद्य, म्हणून रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांचीच सही. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी उभं केलं चिंतामणरावांना. मग काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन पक्षांकडे गेले: तुमची पहिली पसंती देशमुखांना असेल तर असू द्या, दुसरी आमच्या रेड्डींना द्या. इंदिराबाईंना एवढं निमित्त पुरे झालं. त्यांनी रेड्डींना विरोध केला नाही. गिरींना मत द्या असंही म्हटलं नाही. पक्षादेश काढला नाही, आणि आपापल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असा पुकारा झाला. 'आतला आवाज' तो हाच. म्हणजे काय? आपण सुज्ञ आहात!

आणि खासदार-आमदार किती सुज्ञ निघाले बघा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य पडलं. कुणालाच बहुमत नाही. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. पंतप्रधानांनी ज्याच्या अर्जावर सही केली तो पडला, आणि ज्याच्या अर्जावर केली नव्हती तो राष्ट्रपती भवनात गेला. वर्ष संपायच्या आत काँग्रेसचे दोन तुकडे झाले. कोमट पाण्याने भांडं तडकत नाही असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या सगळ्या गोंधळात मला एकच गोष्ट मनापासून आवडते: ते दुसऱ्या पसंतीचं मत. काय सरळ आहे बघा! कागदावर आकडा घालून लिहायचं: मला हा हवा आहे, तो नसेल जमत, तर हा चालेल. 'चालेल' यात कमीपणा काही नाही. अर्धा महाराष्ट्र 'चालेल' म्हणून बोहल्यावर चढला आणि सुखाने नांदला. ('नांदला' वाचून आमच्या घरातून "हो का?" असा आवाज आला आहे.) पण दुसरी पसंती दुसरी म्हणून सांगावी. ती पहिलीच्या पाकिटात घालून, वर 'एकदिलाने' असा शिक्का मारून आमच्या दारात टाकू नये.

परदेशांत तरी काय वेगळं आहे? अमेरिकेत १९६० साली रिचर्ड निक्सन अध्यक्षपदाला उभे होते. आठ वर्षं ते आयसेनहॉवर यांचे उपाध्यक्ष. आयसेनहॉवरना ऑगस्ट महिन्यात पत्रकारांनी विचारलं, निक्सन यांची एखादी मोठी कल्पना तुम्ही उचललीत असं उदाहरण सांगा. ते म्हणाले, मला एक आठवडा द्या, एखादं आठवेल. निक्सन थोडक्यात हरले. विरुद्ध बाजूच्या केनेडींनी हे वाक्य जाहिरातीत वापरलं. स्वतःला एवढा कामाचा पाठिंबा त्यांना क्वचितच कुणी दिला असेल. त्यांच्या धाकट्या भावाने हीच कला पुढे चालवली. १९८० साली एडवर्ड केनेडी पक्षांतर्गत लढतीत कार्टरकडून हरले. पक्षाच्या अधिवेशनात शेवटच्या रात्री ते व्यासपीठावर आले, हात मिळवले, पण तो हात धरून उंच करायचा फोटो काही द्यायला तयार होईनात. अध्यक्ष कार्टर त्यांच्यामागे व्यासपीठभर फिरत होते. आमच्या साहेबांचा कोपर निदान वाकडा का होईना, वर गेला होता. आणि २०१६ साली टेड क्रूझ यांनी ट्रम्प यांच्या अधिवेशनात उभं राहून प्रतिनिधींना सांगितलं, विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. आमचा १९६९ चा माल, सत्तेचाळीस वर्षांनी तिथे विकायला. पण तिथल्या लोकांनी जागच्या जागी हुर्यो उडवली. आपण हुर्यो उडवत नाही. आपण गालात हसतो. आपण सुज्ञ आहोत ना.

आता आमच्या रायगडकडे येतो. २०१४ साली लोकसभेला शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे समोरासमोर होते. तटकरे रोह्याचे, म्हणजे आमच्या पुलापलीकडचे. गीते २,११० मतांनी निवडून आले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. नावापुरता पाठिंबा म्हणतात तो असा महाग पडतो. २०१९ साली तटकरे ३१,४३८ मतांनी निवडून आले. शेतकरी कामगार पक्ष या वेळी त्यांच्या बाजूला होता, २०१४ ला त्याने त्यांच्याविरुद्ध स्वतःचा उमेदवार दिला होता. २०२४ साली शेकाप परत पलीकडे, गीत्यांच्या बाजूला. आणि महाडचे भरत गोगावले, जे २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळी शिवसेनेचे आमदार म्हणून गीत्यांच्या गोटात, ते २०२४ ला महायुतीचे म्हणून तटकरेंच्या गोटात. २०२२ च्या बंडाआधी तर रायगडच्या शिवसेना आमदारांनी पालकमंत्री अदिती तटकरे यांना बदला अशी उघड मागणी केली होती. २०२३ च्या जुलैत त्याच त्यांच्या सरकारात मंत्री म्हणून आल्या. २०२४ ला तटकरे ८२,७८४ मतांनी जिंकले, म्हणजे काम सगळ्यांनी केलंच असणार. कुणाच्या मनात काय होतं ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही आणि मी कुणावर आळ घेत नाही. मी फक्त तारखा लावून बघतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेण विधानसभेला शेकाप आणि ठाकऱ्यांची शिवसेना, मे महिन्यात गीत्यांसाठी मतं मागणारे, एकमेकांविरुद्ध उभे. आणि १८ जानेवारी २०२५ ला अदिती तटकरे यांचं नाव रायगडच्या पालकमंत्रिपदासाठी जाहीर झालं, गोगावले यांचे समर्थक रस्त्यावर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती. मे ते जानेवारी. लोणचं मुरायलासुद्धा एवढे महिने लागतात.

बरं, मतदाराची अडचण बघा. रायगडातला जुना शिवसैनिक २०१९ ला धनुष्यबाणाचं बटण दाबून आला. २०२४ ला यंत्रावर बाण नव्हताच. एक मशाल होती आणि एक घड्याळ, आणि धनुष्यबाणवाले सांगत होते घड्याळ दाबा. का? तर युतीचा धर्म. मला वाटतं, त्याला काही खरं कारण असेल; राजकारणात कारणाशिवाय कुणी कूस बदलत नाही. तेच सांगा ना! पाच वर्षांपूर्वी ज्यांना पाडा म्हणून घसा बसवलात, त्यांना आज निवडून का द्यायचं? एकच कारण सांगा. आयसेनहॉवरसारखा आठवडा घ्या हवा तर.

आमचे मेहुणे पेणला असतात. राजकारणातलं त्यांना आतलं कळतं, असं ते स्वतः सांगतात. त्यांना माझा हा संताप पोरकट वाटला. म्हणाले, "भावोजी, तुम्ही फार सरळ बघता. उद्या यांना परत एकमेकांशी भांडायचं असतं. आज तोंड भरून स्तुती केली, तर उद्या हेच भाषण मोबाइलवर गावभर फिरवतील. म्हणून माणूस जपून बोलतो. आणि खोटी स्तुती करण्यापेक्षा हे बरं नाही का? कोमट म्हणजे निदान प्रामाणिक."

मेहुण्यांचा मुद्दा वाटतो तेवढा हलका नाही, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर पटलं. (मेहुण्यांचे मुद्दे रात्रीच पटतात, दिवसा पटले तर घरात राहता येत नाही.) ज्याला उमेदवार आवडत नाही त्याने ऊर भरून येण्याचं सोंग आणावं, असं मी म्हणत नाही. तडजोडीलाही माझी ना नाही. एका पक्षाला जमत नाही तेव्हा दोघांनी मिळून सरकार करावं लागतं. त्यात काही द्यावं, काही घ्यावं लागतं. बाजारात सुकटीचा वाटा घेणाऱ्या बाईला देवघेव समजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिच्याशी घासाघीस करून बघावी. तेव्हा सरळ सांगा: "हा माणूस मला फारसा आवडत नाही. पण याने विधानसभेला मला मदत कबूल केली आहे, आणि आपल्या भागातल्या पाण्याच्या योजनेला हात लावणार नाही असा शब्द दिला आहे. म्हणून मी म्हणतो, याला मत द्या." हा दुसऱ्या पसंतीचा पाठिंबा झाला. म्हातारीला तो समजला असता. पटला नसता तर तिने नळासाठी दुसरा कुणी बघितला असता. जपून बोलणारा माणूस उद्याची स्वतःची सोय बघून ठेवतो आणि तिला आज अंधारात ठेवतो. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं असेल, तर शेजारच्या मुलाच्या त्या 'आपल्या वाटेने जातो'ला शिफारसपत्र म्हणावं लागेल.

आणि कार्यकर्त्यांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या आळीत दोन घरं आहेत, मध्ये एक गडगा. दोन्ही घरांतले तरुण पक्षाचं काम करणारे, एक या साहेबांचा, एक त्या. मागच्या एका निवडणुकीत बॅनरवरून त्यांची मारामारी झाली. एकाचा हात मोडला, दुसऱ्याच्या कपाळाला टाके. पोलीस केस झाली, ती तालुक्याच्या कोर्टात चालू होती. दोन घरांचं येणं-जाणं बंद. एकीकडे मुलीचं लग्न झालं, दुसऱ्या घराने खिडक्या लावून घेतल्या. वरात गडग्यापाशी आली तेव्हा बाजावाल्यांनासुद्धा कळेना जोरात वाजवावं की हळू. आणि मग एके दिवशी वर मनोमिलन झालं. दोघांना निरोप आला, एका जीपमधून प्रचार करा. त्या आठवड्यात त्यांची कोर्टाची तारीख होती. सकाळी दोघे समोरासमोर उभे, तुमचा आरोपी आणि माझा फिर्यादी. संध्याकाळी एका जीपमध्ये मांडीला मांडी लावून, एकाच कर्ण्यातून 'प्रचंड बहुमतांनी विजयी करा'. ज्याचा हात मोडला होता तो कर्णा डाव्या हाताने धरायचा.

मी त्याला विचारलं, "अरे, मग केस मागे घेतलीत का?" तो म्हणाला, "काका, निवडणूक होऊ द्या. साहेबांचं नक्की काय आहे, ते आम्हाला तरी कुठे कळलंय?"

साहेबांच्या कोमट पाण्यात हे दोघे तीन आठवडे उभे होते. मिटवायचं तर मिटवा, लढायचं तर लढा, असं त्यांना कुणीच सांगितलं नाही. निकाल लागला, साहेब पुन्हा वेगळे झाले, आणि गडग्यावर दोघांनी काचा लावल्या.

रोह्याचे धावीर महाराज हे आमच्या सबंध पंचक्रोशीचं दैवत. नवरात्रानंतर त्यांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि मग माणसं खांदा द्यायला धावतात. त्या गर्दीत सगळे पक्ष असतात. पण मी आजवर तिथे कोमट खांदा पाहिलेला नाही. देता येतच नाही. तुम्ही अंग चोरलंत तर पालखी कलते, शेजारच्याच्या खांद्यावर भार जातो, आणि तो तिथल्या तिथे वळून तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणतो. ज्याला जमत नाही तो बाजूला होतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हल्ली काय काय असतं. जीप किती, कर्णा किती वाजेपर्यंत, खर्च किती, चहाचा कप कितीचा धरायचा. त्यातच एक कलम घाला की दुसऱ्यासाठी मतं मागायला उभा राहिलेल्याने एक कारण सांगितलं पाहिजे. तारीफ नसली तर सौदा सांगा, सौदाही सांगता येत नसेल तर माइक परत द्या. पण हे कलम घालायचं त्यांनाच, ज्यांना ते लागू होणार. तेव्हा ते होणार नाही हे मलाही कळतं. मी सुज्ञ आहे.

बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्यांना शहाणपण शिकवताय, पण तुमच्या भावासाठी बोलायची वेळ आली तेव्हा काय केलंत?" ती हे बरोबर वेळ साधून म्हणाली. कारण चुलतभाऊ त्याच वाचनालयाला परत उभा राहिला होता, आणि या वेळी त्याने मला बोल म्हणून सांगितलंही नव्हतं.

मी न बोलावता गेलो. उभा राहिलो आणि म्हणालो, "एका पावसाळ्यात रात्री कुंडलिकेचं पाणी चढत होतं. हा आणि याचा मुलगा कंदील घेऊन वाचनालयात गेले आणि खालच्या कप्प्यांतली सगळी पुस्तकं माळ्यावर चढवली. सकाळी पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं, कारण कंदील माझ्या घरचा होता. मागच्या निवडणुकीतही मला हे माहीत होतं." एवढं बोलून खाली बसलो. कुणी हसलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे पाहत राहिला.

या वेळी तो अकरा मतांनी पडला.

गणपतीत आरतीला आला होता. टाळ अजून माझ्याच बाजूला उभा राहून वाजवतो, पण हातभर लांबून.